पोस्टरवरचं शेवटचं नाव

माणसं काढून टाकण्याचं काम मी अठ्ठावीस वर्षं केलं. पगार लॅब असिस्टंटचा होता, चंद्रपूरच्या एका कॉलेजात. पण जुलै उजाडला की पास होऊन गेलेल्या पोरांची यादी माझ्या टेबलावर यायची आणि मी एकेकाला कॉम्प्युटरमधून काढायचे. चहा येईपर्यंत साठ-सत्तर जण गेलेले असायचे. कोणाला वाईट वाटायचं नाही, कारण कोणाला कळायचंच नाही. मग नव्या पोरांची यादी यायची आणि तेवढ्यांना आत घ्यायचं. माझी सासू विचारायची, "तू कालेजात करते तरी काय वं?" मी सांगायचे, "नावं लिवते अन् खोडते." तिला ते तलाठ्याच्या तोडीचं काम वाटायचं आणि चार बायकांत ती ते तसंच सांगायची.

ज्यांचा या धंद्याशी काही संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या लॅबमध्ये लिनक्स होतं. ते फुकट मिळतं, हा कॉलेजच्या दृष्टीनं त्याचा सगळ्यात मोठा शास्त्रीय गुण. लिनक्सच्या एका कॉम्प्युटरवर अनेक जण सुखानं नांदू शकतात. प्रत्येकाचं वेगळं खातं. खातं उघडलं की माणसाला चार गोष्टी मिळतात: एक नाव, एक नंबर, एक पासवर्ड आणि एक घर. घर म्हणजे त्याच्या फायली ठेवायची जागा. यातलं नाव फक्त तुमच्या-माझ्यासाठी असतं. कॉम्प्युटर माणसाला नंबरानं ओळखतो, एसटीत कंडक्टरला बिल्ल्यानं ओळखतात तसं. एखादी फाइल कोणाची, तर अमक्या नंबराची. नाव तो मागाहून शोधतो: या नंबरावर सध्या कोण आहे ते बघतो आणि आपल्याला वाचून दाखवतो. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खातं उघडायची कमांड युजरअॅड, बंद करायची युजरडेल, त्यात फेरफार करायची युजरमॉड. तिन्ही इतक्या आज्ञाधारक, की भीती वाटावी. "खरंच काढू का?" असं कोणी विचारत नाही. काम झालं तर बोलत नाहीत, चुकलं तरच बोलतात. माझ्या नवऱ्याचाही स्वभाव असाच असल्यामुळे मला या कमांडांशी जुळवून घ्यायला वेळ लागला नाही.

कॉलेजचं काम सांभाळून मी बाहेरचीही कामं करायचे. चंद्रपूर-गडचिरोलीत लिनक्स जाणणारं माणूस तेव्हा शोधूनच काढावं लागायचं, आणि शोधल्यावर बहुतेक वेळा मीच सापडायचे. एकदा सिरोंच्याहून एका संस्थेतल्या मल्लेशभाऊंचा फोन आला. "मॅडम, कीबोर्ड मेला." मी म्हटलं, बदला. त्यांनी बदलला. दुसऱ्या दिवशी फोन: "मॅडम, हा पण मेला." तिसरा त्यांनी शेजारच्या दुकानातून उसना आणला, तोही मेला. शेवटी मी एसटीनं सहा-सात तासांचा जंगलरस्ता तुडवून सिरोंच्याला पोचले. मल्लेशभाऊंनी मला पासवर्ड बदलायची कमांड देऊन दाखवली आणि बोटानं एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर काही उमटेना.

"बघा!" ते म्हणाले.

लिनक्समध्ये पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत. शेजारी उभ्या माणसाला अक्षरं किती तेसुद्धा कळू नये म्हणून. हे मी समजावून सांगितल्यावर मल्लेशभाऊंनी कीबोर्ड उचलून उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे त्याला कळते, आन् मला नाय?" त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. त्यांनी मला घरी नेऊन गोदावरीची मासळी खाऊ घातली. त्यांच्या बायकोनं जेवण होईपर्यंत माझ्याशी तेलुगूत गप्पा मारल्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण मी प्रत्येक ठिकाणी मान हलवली. तेव्हापासून कोणाला फोनवर पासवर्ड बदलायला सांगितलं, की पहिलं वाक्य ठरलेलं: "काही दिसणार नाही, घाबरू नका."

दुसऱ्यांवर हसून झालं, आता माझंही ऐका. एकदा मी स्वतःला एका नव्या गटात टाकत होते. लिनक्समध्ये कोणाला काय करू द्यायचं हे तो कोणत्या गटात आहे त्यावर ठरतं. या कमांडमध्ये एक छोटा 'ए' लिहावा लागतो, म्हणजे आधीचे गट ठेवून त्यात हा वाढवायचा. तो मी विसरले. कॉम्प्युटरनं मला नव्या गटात घेतलं आणि बाकी सगळ्यांतून बाहेर काढलं, त्यात अधिकाऱ्यांचा गटही गेला. चूक सुधारायला गेले तर पडद्यावर आलं, तुम्हाला हा अधिकार नाही, या प्रकाराची वर तक्रार केली जाईल. तक्रार ज्या व्यक्तीकडे जाणार होती ती मीच होते. दार बंद करून मी दोन तास त्याच्याशी झगडले आणि प्राचार्यांना सांगितलं, धूळ फार झाली होती. चंद्रपुरात कोळशाच्या धुळीवर कशाचंही खापर फोडता येतं.

पण मला आज सांगायचं आहे ते वडशाचं.

वडसा म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोली-गोंदियाकडच्या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांचं माहेरघर. दिवाळी झाली की गावोगाव मंडया, म्हणजे जत्रेसारखे बाजार, भरतात, मंडईला पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की नाटक लागतं. रात्रभर चालणारं, गाणी-बजावणीसह. या नाटकांच्या मंडळ्यांची ऑफिसं वडशात, आणि गावकरी तिथे येऊन नाटक ठरवून जातात. अशाच एका मंडळीच्या ऑफिसात दहाएक वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटर बसवून दिला होता. मालक हिरामणभाऊ. जाड मिशा, मोठा आवाज, आणि कॉम्प्युटरवर एकट्यालाच कमांड देता येते याचा मोठा अभिमान.

खाती उघडायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, कोणाकोणाच्या नावानं?

"हिरो," हिरामणभाऊ म्हणाले. "लिवा. हिरो, हिरोईन, व्हिलन, कॉमेडी."

"भाऊ, माणसांची नावं सांगा."

"माणसं दरसाली बदलतेत मॅडम. यंदाचा हिरो नागपूरचा हाये, पुढच्या साली कुठचा राहीन कोनाले ठावं? पात्र बदलत नाई."

नाटकवाल्यांचं तर्कशास्त्र मला तेव्हा इतकं आवडलं की मी मान्य केलं. हीच माझी पहिली चूक. पोस्टरवर नावं ज्या क्रमानं छापतात त्याच क्रमानं त्यांनी खाती लिहवून घेतली. आधी मालक, मग हिरो, हिरोईन, व्हिलन, कॉमेडी. सगळ्यात शेवटी प्रॉम्प्टर, कारण पोस्टरवर त्याचं नाव अगदी खाली, छापखान्याच्या नावाच्या वर असतं. आणि हंगाम संपून नवे नट आले की जुनी खाती काढून त्याच नावांची नवी कशी उघडायची, हे मी त्यांना एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. तो कागद त्यांनी भिंतीवर चिकटवला.

त्या कागदावर युजरडेलच्या पुढे मी मागाहून 'डॅश आर' वाढवलं होतं. डॅश आर म्हणजे माणसाबरोबर त्याचं घरही पाडून टाक. कारण एकदा एका हिरोनं आपल्या घरात सिनेमाची इतकी गाणी भरून ठेवली होती की डिस्कमध्ये जागाच उरली नव्हती. तेव्हा मी सगळ्यांना उभं करून रागावलेसुद्धा होते: मोठ्या फायली घरात ठेवायच्या नाहीत, दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या. सगळ्यांनी हो म्हटलं आणि कोणी ऐकलं नाही, असं मी धरून चालले होते.

सगळ्यात शेवटी कॉम्प्युटरला हात लावला तो दयारामभाऊंनी. हे त्या मंडळीचे प्रॉम्प्टर. बाहेरच्यांना प्रॉम्प्टर म्हणजे विसरलेलं वाक्य सांगणारा माणूस वाटतो. झाडीपट्टीत तसं नाही. इथे नट कुठून कुठून येतात, तालीम जेमतेम होते, कधी तर गाडीतून उतरून थेट रंगायला बसतात. नाटक चालतं ते प्रॉम्प्टरच्या आवाजावर. विंगेत बसून तो एकेक वाक्य नटाच्या कानात टाकतो, आणि ते अशा बेतानं, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला जाऊ नये. दयारामभाऊंनी हे काम पस्तीस वर्षं केलं. अंगानं काटकुळे, बोलणं एरवीही कुजबुजल्यासारखं. चहा हवा असला तरी कानाशी येऊन सांगायचे.

प्रत्येक नाटकाच्या त्यांच्याकडे दोनशे पानी वह्या होत्या. नाटक सगळ्यांना ठाऊक असतं, वह्यांत त्यापलीकडचं होतं. कोणत्या नटाला किती शब्द आधी द्यायचे, कोण कुठे अडतो, कुठे लोक हसतात. त्या वह्या उंदरांनी कुरतडायला लागल्यावर ते माझ्याकडे आले. मी त्यांना मराठी टायपिंग शिकवलं. एका बोटानं, दुपारच्या वेळी ऑफिसात कोणी नसताना, त्यांनी काही वर्षं ते टाइप केलं. मी गेले की म्हणायचे, "मॅडम, तीन नाटकं झाली." पुढच्या खेपेला, "पाच झाली."

मागच्या पावसाळ्यात दयारामभाऊंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द दिलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचा मला राग आला होता आणि अजूनही येतो.

दिवाळीनंतर हिरामणभाऊंचा फोन. "मॅडम, प्रॉम्प्टर आत जाते अन् भायेर येते."

"म्हणजे?"

"पासवर्ड घेते, क्षणभर काळं होते, अन् पुन्हा नावच इचारते. तीन दिवसांवर मंडईचा पहिला प्रयोग हाये. याच तुमी."

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून सकाळची गोंदियाची गाडी धरली. ऑफिसात गेले तर कॉम्प्युटरसमोर शालूबाई बसलेल्या. शालूबाईंना मी ओळखत होते, ओळखत नसेल असं झाडीपट्टीत कोणी नव्हतं. सहा-सात वर्षांपूर्वीपर्यंत त्या याच मंडळीच्या हिरोईन होत्या. मग वय झालं, गुडघे गेले, हिरोईन नवी आली. आता दयारामभाऊंच्या जागी हिरामणभाऊंनी त्यांना प्रॉम्प्टर म्हणून घेतलं होतं. बाई प्रॉम्प्टर हे त्या मंडळीत पहिल्यांदाच घडत होतं.

"पह्यला प्रयोग पाहीन," हिरामणभाऊ त्यांच्यासमोरच मला म्हणाले. "जमलं तं ठीक. नाई जमलं तं गोंदियाचा मानूस सांगून ठेवला हाये."

 शालूबाईंनी पदर खोचला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

बिघाड दोन मिनिटांत सापडला. हिरामणभाऊंनी यंदा सगळीच खाती नव्यानं उघडली होती. पण खातं उघडायच्या कमांडमध्ये 'डॅश एम' लिहावं लागतं, म्हणजे माणसाला घर बांधून दे. भिंतीवरच्या माझ्या कागदाचा नेमका तोच कोपरा त्यांनी यंदाच्या पोस्टरखाली झाकून टाकला होता. कॉम्प्युटरनं शालूबाईंना नाव दिलं, नंबर दिला, पासवर्ड घेतला, आत सोडलं, आणि आत घरच नाही म्हणून परत बाहेर पाठवलं. हिरो-हिरोईनचीही तीच गत होती. ते अजून वडशाला पोचलेच नव्हते म्हणून त्यांची तक्रार नव्हती. मी सगळ्यांना घरं बांधून दिली. शालूबाईंनी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, काही दिसलं नाही तरी घाबरल्या नाहीत, आणि आत गेल्या.

"आली वं!" त्या म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून, "अन् भाऊचे कागद कुठी हायेत?"

"कोणते?"

"दयारामभाऊनं टाइप केलेले. त्यायची बायको म्हणे, समदं काम्पुटरात हाये. मी त्याच्याच भरवशावर हो म्हनलं ना मॅडम."

मी मागे वळून हिरामणभाऊंकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कागदाकडे बघत होते.

"प्रॉम्प्टरचं खातं कसं काढलं, भाऊ?"

"तुमी लिवलं तसंच. डॅश आर." त्यांचा मोठा आवाज पार बसला होता. "दरसाली करतो तसंच. जुनं गेलं, नवं आलं."

इतकी वर्षं प्रॉम्प्टर बदललाच नव्हता, म्हणून ते खातं कधी काढायची वेळच आली नव्हती. यंदा आली. माझ्याच अक्षरातल्या कागदाबरहुकूम दयारामभाऊंचं घर पाडलं गेलं होतं, आणि चूक कोणाची म्हणायची तर माझी. भाड्याच्या खोलीसाठी लिहिलेला नियम मी राहत्या घरालाही लावून ठेवला होता. बॅकअप होता, पण बुकिंगच्या वह्यांचा. 

एक आशा होती. डॅश आरनं फक्त घर पाडलं जातं. त्या माणसाच्या फायली आणखी कुठे पडलेल्या असतील तर त्या तशाच राहतात. मालक निघून गेल्यामुळे त्या बेवारस होतात, नावाच्या जागी नुसता नंबर दिसतो. अशा बेवारस फायली शोधायची एक कमांड आहे. ती मी दिली. शालूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. यादी आली. गेल्या साली आलेल्या हिरोचे आरशासमोरचे फोटो, कोणाची गाणी, एका कॉमेडीवाल्याचं अर्धवट लिहिलेलं पत्र. दयारामभाऊंचं एक पानही नाही.

"गेले, शालूबाई," मी म्हटलं. "चूक माझी आहे. मी तसं लिहून द्यायला नको होतं."

त्या उठून दाराशी गेल्या. तिथूनच म्हणाल्या, "माह्यं पाठांतर हाये मॅडम. हिरोईनची समदी वाक्यं येतेत. पन हिरोची नाई येत, व्हिलनची नाई येत. अन् तो नवा हिरो परवा दुपारी गाडीतून उतरन. मी त्याले वळखत नाई, तो मले वळखत नाई." थोडं थांबून म्हणाल्या, "गोंदियाचा मानूस सांगून द्या भाऊ. लोकायसमोर फजिती नोको."

हिरामणभाऊंनी फोन हातात घेतला, पण लावला नाही.

मला काही सुचत नव्हतं म्हणून मी हाताला चाळा लावून घेतला. निदान त्या हिरोचे फोटो तरी काढून टाकावेत. ते दुसऱ्या डिस्कवर होते, 'पडदे' नावाच्या फोल्डरात, जिथे नाटकांच्या मागच्या रंगवलेल्या पडद्यांचे फोटो ठेवलेले असतात. महाल, जंगल, झोपडी. मी त्या फोल्डरातली पूर्ण यादी मालकांच्या नावांसकट काढली. शालूबाई पिशवी घ्यायला परत आत आल्या होत्या. वाकून कॉम्प्युटरकडे बघत म्हणाल्या,

"मॅडम, हे माह्या नावावर काऊन दाखवून राह्यलं?"

"काय?"

"हे पाहा ना. प्रॉम्प्टर, प्रॉम्प्टर, प्रॉम्प्टर. मी तं आत्ताच आत आली. अन् तारीख तं आठ सालाआधीची हाये."

मी पाहिलं. महालाच्या फोटोखाली एक फाइल, जंगलाच्या फोटोखाली दुसरी, झोपडीखाली तिसरी. प्रत्येक नाटकाच्या पडद्यांशेजारी त्या नाटकाची फाइल. मालक: प्रॉम्प्टर.

अठ्ठावीस वर्षं या कामात घालवून जे मला आधी सुचायला हवं होतं, ते तेव्हा सुचलं. कॉम्प्युटर नवा नंबर देताना सध्याच्या सगळ्यात मोठ्या नंबराच्या पुढचा देतो. दर साली प्रॉम्प्टर जागच्या जागी असायचा, म्हणून नव्या नटांना त्याच्या पुढचे नंबर मिळायचे. यंदा सगळेच काढले गेले. उरले एकटे मालक. मग हिरामणभाऊंनी पुन्हा पहिल्यापासून, पोस्टरच्या क्रमानं, एकेक खातं उघडलं: हिरो, हिरोईन, व्हिलन, कॉमेडी, आणि शेवटी प्रॉम्प्टर. शेवटचं नाव शेवटच्याच जागी आलं आणि त्याला तोच नंबर मिळाला जो पहिल्या साली दयारामभाऊंना मिळाला होता. त्या फायली बेवारस झाल्याच नव्हत्या. मी बेवारसांत शोधत होते आणि त्या खातं उघडल्यापासूनच शालूबाईंच्या नावावर होत्या.

आणि त्या घराबाहेर होत्या, कारण मी सगळ्यांना उभं करून रागावले तेव्हा एका माणसानं माझं ऐकलं होतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

मी पहिली फाइल उघडली. शालूबाईंना वाचायला चष्मा लागायचा, तो सापडेना, म्हणून मीच वाचलं. दयारामभाऊंनी बोलतात तसंच लिहिलं होतं. "याले दोन शब्द आधी दे, घाई नोको करू." "हा रडताना वाक्य खाते, रडनं झाल्यावर दे." "इथी लोक हासतेत. हासनं सरेपर्यंत थांब. सिरोंच्याकडे नाई हासत, तिथी थांबू नोको." एकेका नटाचं नाव, एकेका गावाची तऱ्हा. ज्या नटाची माहिती नाही त्याच्यासाठीही लिहिलेलं होतं: "नवा असन तं पह्यल्या प्रवेशात त्याच्या हाताकडं पाह्य. हात थांबले का शब्द दे."

हिरामणभाऊ मागे उभे राहून ऐकत होते. मिशीवरून हात फिरवत होते, पण तो नेहमीचा रुबाब नव्हता.

मग एका जुन्या नाटकाच्या फायलीत हिरोईनचा प्रवेश आला. तिथे लिहिलं होतं, "शालूले शब्द देऊ नोको. तिले येते. फक्त तिच्याकडं पाहात राय, तिले बरं वाटते."

मी वाचायची थांबले.  शालूबाई म्हणाल्या, "मले वाटे, भाऊ माह्या प्रवेशात झपकी घेते. एक शब्द नाई देई कधी." आणि त्या रडल्या, मोठ्यानं, हिरोईन रडते तसं अजिबात नाही.

आम्ही सगळ्या फायलींच्या दोन प्रती काढून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या. परवाच्या नाटकाची छापून घेतली. भिंतीवरच्या कागदावरचं डॅश आर मी पेनानं खोडलं, इतकं दाबून की कागद फाटला. मग त्याच्या जागी नवा कागद लिहिला, त्यात खाती माणसांच्या नावांनी उघडायची असं ठणकावलं, आणि हिरामणभाऊंनी तो पोस्टरच्या वर चिकटवला. गोंदियाच्या माणसाला फोन लावायचा विषय निघाला नाही. परतीची गाडी चारची होती. शालूबाई म्हणाल्या, "वेळ हाये. भाऊकडं जाऊन येऊ."

दयारामभाऊंचं घर रेल्वेलाइनच्या पलीकडे. अंगणात धान वाळत घातलेलं, ओसरीवर खाटेवर ते उशीला टेकून बसलेले. त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, आम्हाला पाणी दिलं. मी दयारामभाऊंना सगळं सांगितलं, घर पाडल्याचंही.  त्यांनी ऐकून घेतलं, तोंडाची एक बाजू हलली. मग मी सांगितलं की तुमच्या सगळ्या फायली शालूबाईंच्या नावावर आहेत, कोणी न करता आपोआप झाल्या आहेत. त्यांनी शालूबाईंकडे पाहिलं आणि पाहत राहिले.

शालूबाईंनी कागद काढले आणि पहिल्या प्रवेशापासून सुरुवात केली, प्रॉम्प्टरच्या आवाजात, खालच्या पट्टीत, एकेक वाक्य सुटं सुटं. हिरोचं वाक्य, व्हिलनचं वाक्य. माझी गाडी स्टेशनात आल्याचा आवाज ऐकू आला, पण उठून जावंसं वाटलं नाही. मग कॉमेडीवाल्याचं एक वाक्य आलं, आणि शालूबाई त्याच दमात पुढच्यावर जाऊ लागल्या.

दयारामभाऊंचा डावा हात खाटेवरून वर उठला. पंजा उघडा, थांब म्हणणारा. शालूबाई थांबल्या. सुमनबाई कोंबड्यांना हाकलत होत्या, त्याही थांबल्या. हात तसाच वर होता. त्या ओसरीवर कोणी हसत नव्हतं, पण दयारामभाऊ कान देऊन ऐकत होते. ते हसणं सरेपर्यंत आम्ही तिघी गप्प राहिलो. मग हात हळूच खाली आला आणि शालूबाईंनी पुढचं वाक्य दिलं.